विल्ससाहेबांचा हिशेब

आमच्या पिढीला विल्स हे सिगारेटचं नाव कळलं ते क्रिकेटमुळे. १९९६ चा वर्ल्ड कप म्हणजे विल्स वर्ल्ड कप. ईडन गार्डनवरची ती सेमीफायनल, मैदानात येणाऱ्या बाटल्या, स्टँडमधली जाळपोळ, रडत परत चाललेला विनोद कांबळी, ज्यांनी टीव्हीवर पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या काळात आपल्या टीमच्या शर्टावर पण विल्सच असायचं. शाळेमागच्या टपरीवर सिगारेट ओढताना सापडलेल्या पोराला बदडणारे सर दुपारी स्टाफरूममध्ये तोच शर्ट बघून टाळ्या पिटायचे आणि त्यात कोणालाच काही विचित्र वाटायचं नाही. सचिन तेवढा वेगळा निघाला. तंबाखूवाल्यांची जाहिरात करायची नाही असं वडिलांना सांगितलं होतं म्हणून त्या वर्ल्ड कपला बॅटवर स्टिकरच लावला नाही, असं त्याने स्वतःच नंतर सांगितलंय.

बरं, सिगारेट न ओढणाऱ्या घरातही विल्स शिरलेलं होतंच. लग्नात जोडा छान दिसला की आपल्याकडे एखादी मावशी हमखास म्हणते, ‘अगदी मेड फॉर ईच अदर!’ ही मुळात विल्सची जाहिरात. नवराबायकोबद्दल नाही हो, फिल्टर आणि तंबाखूबद्दल. मावशींना हे सांगून बघा एकदा.

तर या नावामागे एक घराणं आहे, इंग्लंडातल्या ब्रिस्टल गावचं, आणि त्या घराण्यात एक माणूस आहे जो मला गेले काही महिने सोडत नाहीये. विल्यम हेन्री विल्स. जन्म १८३०, मृत्यू जानेवारी १९११. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या जरा आधी आला आणि तिच्यानंतर दहा वर्षांनी गेला. तंबाखूचा कारखानदार, दोन वेळा खासदार, शेवटी लॉर्ड विंटरस्टोक. असे श्रीमंत म्हातारे त्या काळात इंग्लंडात पोत्याने होते, मग याच्यातच का अडकलो म्हणाल तर हा माणूस मनापासून सज्जन होता आणि तेच अवघड जागेचं दुखणं आहे. दुष्ट माणसावर लिहायला काही लागत नाही.

विल्स मंडळी चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथाची, काँग्रिगेशनलिस्ट. राजसत्तेच्या चर्चशी आमचं देणंघेणं नाही, आमची मंडळी आमचं बघेल, अशी यांची वृत्ती. त्याची किंमतही मोजावी लागायची. विल्यम हेन्री तरुण होता तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी पाहिजे तर सरकारी चर्चच्या मतांपुढे मान तुकवावी लागे, म्हणून ही मुलं मिल हिलसारख्या आपल्या पंथाच्या शाळेत शिकायची आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जायची, जिथे कोणी धर्म विचारत नसे. विल्यम हेन्रीही त्याच वाटेने गेला. त्याला वकील व्हायचं होतं. तब्येतीने दगा दिला, वकिली राहिली आणि पोरगा घरच्या दुकानात बसला. आपल्याकडे असं झालेली कितीतरी माणसं आपण ओळखतो, फरक इतकाच की याचं घरचं दुकान पुढे इंग्लंडातली सगळ्यात मोठी तंबाखू कंपनी झाली.

दुकानाची सुरुवात १७८६ ची. आजोबा हेन्री ओव्हरटन विल्स सॉल्झबरीहून ब्रिस्टलला आले आणि भागीदारीत तंबाखू विकायला लागले. त्यांची दोन मुलं, विल्यम डे आणि दुसरा हेन्री ओव्हरटन, त्यांच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे डब्ल्यू. डी. अँड एच. ओ. विल्स. आपला नायक यातल्या विल्यम डेचा मुलगा. (या घराण्यात नावं इतकी तीच तीच आहेत की वंशावळ हातात घेतल्याशिवाय वाचताच येत नाही. तीन हेन्री ओव्हरटन आहेत.)

सुरुवातीला सगळा माल पाइपचा आणि तपकिरीचा. सिगारेट हा उशिराचा प्रकार. विल्सची पहिली सिगारेट १८७१ साली आली, नाव ‘ब्रिस्टल’. ती हातानेच वळायची आणि चांगली कारागीर पोरगी झाली तरी मिनिटाला चारेक सिगारेटी. मग अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेम्स बॉनसॅक नावाच्या तरुणाने सिगारेटी वळायचं यंत्र काढलं, आणि १८८३ मध्ये विल्सनी ब्रिटनपुरते त्याचे सगळे हक्क ४,००० पौंडांना घेऊन टाकले. हे यंत्र मिनिटाला दोनशे सिगारेटी काढायचं. आपल्या सोलापूरकडच्या विडी कामगार बाईला आजही मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने, आणि हजार विड्या म्हणजे दिवसभर मान मोडून बसणं, पानं कापणं, सुपात तंबाखू घेऊन एकेक वळणं, दोरा बांधणं. तो हजाराचा आकडा या यंत्राला पाच मिनिटांचा. तेसुद्धा एकशे चाळीस वर्षांपूर्वी! १८८८ मध्ये विल्सनी वुडबाइन काढली, एका पेनीला पाच. इथून पुढे सिगारेट हे श्रीमंतांचं चोचलं राहिलं नाही, गोदी कामगारापासून सैनिकापर्यंत सगळ्यांच्या खिशात गेली. पहिल्या महायुद्धात खंदकांमधून वुडबाइन वाटत फिरणाऱ्या एका पाद्र्याला सैनिकांनी ‘वुडबाइन विली’ असं नावच पाडलं होतं.

यातलाच एक मजेचा तुकडा. तेव्हाची पाकिटं म्हणजे पातळ कागदाची पुडी, सिगारेटी चेपून जायच्या, म्हणून आत एक पुठ्ठ्याचं कार्ड घालायचे. कार्ड कोरं कशाला ठेवायचं, त्यावर चित्र छापलं तर पोरं बापाच्या मागे लागतील हे कोणाच्या तरी डोक्यात आलं. १८९६ साली विल्सनी क्रिकेटपटूंची पन्नास कार्डं काढली, डॉ. ग्रेस वगैरे मंडळी, आणि डॉ. ग्रेस तर ब्रिस्टलच्या शेजारचाच. १८९६ ते १९९६. बरोबर शंभर वर्षांनी विल्स वर्ल्ड कप. आपल्याला वाटतं क्रिकेटला सिगारेटवाल्यांनी आपल्या काळात पकडलं, पण पोरांना चित्रं जमवायची चटक लावायचा धंदा पणजोबांच्या काळातला आहे.

विल्सच्या कारखान्याचं नाव मात्र कामगारांत चांगलं होतं, आणि ते उगीच नाही. १८८६ मध्ये ब्रिस्टलच्या बेडमिन्स्टर भागात नवा मोठा कारखाना झाला. तिथे कँटीन, डॉक्टर, पगारी सुट्टी, खेळाची सोय, असल्या गोष्टी मिळायच्या, ज्या त्या काळात बाकी गिरण्या-कारखान्यांत स्वप्नातही नव्हत्या. ब्रिस्टलमध्ये विल्सकडे चिकटणं म्हणजे पोरीचं नशीब उघडलं असं समजायचे.

आता राजकारण. विल्यम हेन्री ग्लॅडस्टनच्या लिबरल पक्षाचा. १८८० ते ८५ कोव्हेंट्रीचा खासदार, मग दहा वर्षं संसदेच्या बाहेर, आणि १८९५ च्या मार्चमध्ये पूर्व ब्रिस्टलच्या पोटनिवडणुकीत पुन्हा आत. ही पोटनिवडणूक वाचण्यासारखी आहे. पूर्व ब्रिस्टल म्हणजे पक्का कामगारांचा मतदारसंघ, लिबरलांचा हक्काचा. पण ८९ ते ९२ या काळात ब्रिस्टलमध्ये संपांची लाट येऊन गेली होती, ९२ च्या नाताळाच्या तोंडावर संपकऱ्यांच्या मिरवणुकीवर घोडेस्वार सोडले होते, त्यामुळे लोकांच्या डोक्यात राग होता. विल्ससमोर ह्यू होम्स गोर नावाचा समाजवादी वकील उभा राहिला, ना पैसा ना यंत्रणा, आणि विल्स निवडून आला जेमतेम दीडदोनशे मतांनी. शहराचा सगळ्यात दानशूर माणूस, कँटीनवाला, पगारी सुट्टीवाला, आणि कामगार वस्तीत त्याला घाम फुटला. मला हे फार बोलकं वाटतं. दान घेणारे हात मतपेटीपाशी वेगळा विचार करत होते. उपकाराचं ओझं वाटण्यापेक्षा त्यांना हक्काचं काहीतरी पाहिजे होतं.

आणि एक मराठी वाचकाच्या कामाची गोष्ट. मार्च १८९५ मध्ये विल्स संसदेत परतला तेव्हा त्याच लिबरल बाकांवर दादाभाई नौरोजी बसलेले होते, सेंट्रल फिन्सबरीचे खासदार. जुलैच्या निवडणुकीत दादाभाई पडले, आणि त्याच निवडणुकीत समोरच्या बाजूने, कॉन्झर्व्हेटिव्हांकडून, मुंबईचेच मंचरजी भावनगरी आले आणि विल्स १९०० मध्ये बाहेर पडेपर्यंत सभागृहात होते. म्हणजे एकेका खेपेला का होईना, आपल्या मुंबईचे दोन पारशी आणि विल्स सिगारेटचे विल्स एका छताखाली होते. एकमेकांशी बोलले असतील का कुणास ठाऊक, मला आपलं मनातल्या मनात दादाभाई संपत्तीच्या निःसारणावर बोलतायत आणि मागे विल्ससाहेब मान डोलावतायत असं चित्र दिसत राहतं.

त्याच्या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रसंग आला तो सत्तरी ओलांडल्यावर. १९०१ मध्ये अमेरिकेचा तंबाखूसम्राट जेम्स ड्यूक इंग्लंडात उतरला आणि लिव्हरपूलची ऑग्डेन कंपनी विकत घेऊन टाकली. ड्यूकची पद्धत साधी, भाव इतके पाडायचे की समोरचा मेला पाहिजे. इकडे तेरा ब्रिटिश कंपन्या, एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या, घाबरून एकत्र आल्या आणि इंपीरियल टोबॅको कंपनी जन्माला आली. सगळ्यात मोठा वाटा विल्सचा आणि पहिला चेअरमन आपला विल्यम हेन्री. वर्षभर तुंबळ भावयुद्ध झालं, दुकानदारांना दोन्हीकडून बक्षिसं, त्यांची चैन. मग सप्टेंबर १९०२ मध्ये दोघं शहाणे झाले आणि बसून जगाची वाटणी करून टाकली. ब्रिटन इंपीरियलचं, अमेरिका ड्यूकची, आणि उरलेल्या जगासाठी दोघांची मिळून नवी कंपनी, ब्रिटिश अमेरिकन टोबॅको. उरलेलं जग म्हणजे कोण, तर आपण. आपल्याला कोणी विचारलं वगैरे नव्हतं. त्यातूनच २४ ऑगस्ट १९१० ला कलकत्त्यात इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया निघाली, ती १९७० मध्ये इंडिया टोबॅको झाली आणि पुढे आयटीसी. आज आपण जिचं आशीर्वाद आटा आणि सनफीस्ट घेतो तीच. कलकत्त्याची कंपनी निघाली आणि पाच महिन्यांत विल्यम हेन्री वारला.

त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लॉर्ड विंटरस्टोक ही पदवी १९०६ ला मिळाली आणि १९११ ला त्याच्याबरोबरच संपली. पाच वर्षांचा लॉर्ड!

ब्रिस्टलला भाचा शिकायला आहे म्हणून मागे जाणं झालं. पार्क स्ट्रीटचा चढ चढून वर गेलं की समोर विल्स मेमोरियल बिल्डिंगचा दांडगा मनोरा उभा राहतो, २१५ फूट, एखादं कॅथीड्रल असावं असा. तो विल्यम हेन्रीच्या चुलतभावाच्या स्मरणार्थ त्याच्या मुलांनी बांधला. या चुलतभावाने १९०८ मध्ये एक लाख पौंड कबूल केले तेव्हा ब्रिस्टल विद्यापीठ उभं राहिलं. त्याला लागूनच म्युझियम, ते मात्र आपल्या माणसाचं. दारावर दगडात कोरलंय की सर विल्यम हेन्री विल्स यांनी आपल्या नगरबांधवांना दिलेली ही भेट, १९०४. आत जायला तिकीट नाही. बाहेर पाऊस, त्यामुळे अर्धं ब्रिस्टल पोराबाळांसकट आत, हॉलमध्ये वर छताला जुन्या धाटणीचं दोन पंखांचं विमान टांगलेलं, खाली बाबागाड्यांचं ट्रॅफिक जॅम. मी विमान बघायचं सोडून लोकच बघत बसलो. यांच्यातल्या कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी बेडमिन्स्टरला पानांच्या शिरा काढल्या असतील. भाचा म्हणाला, मामा, फुकट आहे म्हणून गर्दी आहे, तू त्यात तत्त्वज्ञान शोधू नकोस.

खाली शहराच्या मध्यात एडमंड बर्कचा पुतळा आहे, १८९४ चा, तोही विल्यम हेन्रीनेच दिलेला. बर्क ब्रिस्टलचा खासदार होता, पण आपल्याला तो आठवतो वॉरन हेस्टिंग्जवरच्या खटल्यामुळे. हिंदुस्थानात कंपनीने केलेल्या लुटीचा जाब इंग्लंडच्या संसदेत विचारणारा माणूस. त्याच्याच जवळ पुढच्या वर्षी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा उभा राहिला, गुलामांच्या व्यापारातला बडा सौदागर आणि शहराचा मोठा दाता. जून २०२० मध्ये लोकांनी तो दोर लावून पाडला आणि गोदीत ढकलून दिला. बर्क जागेवर आहे.

इथे मला विल्ससाहेबांना गाठून एक प्रश्न विचारावासा वाटतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचा नाही. तंबाखू आणि कॅन्सरचं नातं दाखवणारा डॉल आणि हिल यांचा अभ्यास १९५० चा, हा माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली होती. जे त्याला कळायला मार्ग नव्हता त्यावरून त्याला आज कोर्टात उभं करणं म्हणजे नुसतं आपण शहाणे हे मिरवणं. प्रश्न दुसराच आहे. ब्रिस्टलला येणारा तंबाखू अमेरिकेतल्या व्हर्जिनियासारख्या राज्यांतला, आणि १८६५ पर्यंत त्या शेतांवर राबणारी माणसं गुलाम होती. ब्रिटनने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८३० च्या दशकात मोडली होती, आणि त्या चळवळीत पुढे कोण होतं, तर याच विल्ससारखे चर्चबाहेरच्या पंथांचे लोक. म्हणजे रविवारी ज्या बाकावर बसून गुलामगिरी पाप आहे म्हणून ऐकायचं, सोमवारी त्याच पापाची पिंपं गोदीतून कारखान्यात ओढून आणायची. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तिथली गुलामगिरी गेली तेव्हा विल्यम हेन्री पस्तिशीचा होता, काही कळत नसलेला पोर नव्हता. ही गोष्ट त्याला माहीत होती. सगळ्यांनाच माहीत होती.

बचावात मग काय काय सांगता येतं, ते मी स्वतःशीच सांगून बघितलंय. तंबाखू दुसरीकडून पुरेसा मिळत नव्हता. लँकशरच्या गिरण्यांत तरी काय वेगळं होतं, तोही कापूस गुलामांचाच. त्याने एकट्याने सोडून काय झालं असतं. सगळं खरं असेल. पण हीच वाक्यं मी आज माझ्या फोनमधल्या बॅटरीबद्दल, दीडशे रुपयांच्या टीशर्टबद्दल सहज म्हणतो आणि झोप मस्त लागते. म्हणून मला हा माणूस परका वाटत नाही.

आता त्याच्या पैशाची शेवटची गोष्ट, ती सगळ्यात अचाट. मूल नव्हतं म्हणून त्याने आणि बायकोने तिच्या माहेरच्या दोन मुली वाढवल्या. त्यातली जेनेट स्टँकम-विल्स. तिने वारशातला पैसा शॅकल्टन या धाडसी प्रवाशाच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेला दिला, १९१४ ची, एन्ड्युअरन्स जहाजवाली. जहाज बर्फात अडकलं, चिरडलं आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडालं. माणसं तीन छोट्या होड्यांतून कशीबशी एलिफंट बेटावर पोचली, आणि होड्यांना नावं पैसे देणाऱ्यांची होती. एक जेम्स केर्ड, हा डंडीचा तागवाला, म्हणजे कच्चा माल आपल्या बंगालचा. दुसरी डडली डॉकर. आणि तिसरी, सगळ्यात लहान, स्टँकम विल्स. शॅकल्टन पाच जणांना घेऊन केर्डमधून मदत आणायला गेला आणि मागे राहिलेल्या बावीस जणांनी उरलेल्या दोन होड्या दगडांच्या भिंतींवर उलट्या घालून त्याखाली संसार मांडला. चार महिन्यांहून जास्त. ब्लॅकबरो नावाचा एक पोरगा जहाजात लपून आलेला, त्याच्या पायाची गारठून काळी पडलेली बोटं चरबीच्या दिव्याच्या उजेडात त्याच छपराखाली कापली.

आणि त्यांच्याजवळची तंबाखू संपली. बोटं गोठली, खायला पेंग्विन आणि सील, ते सगळं सोसलं, पण तंबाखू नाही म्हटल्यावर माणसं कासावीस झाली. बुटांत ऊब राहावी म्हणून भरलेलं वाळकं गवत असायचं ते ओढून बघितलं. पेंग्विनची पिसं ओढून बघितली. शेवटी कोणाला तरी सुचलं की सगळ्यांचे पाइप गोळा करा आणि एका भांड्यात त्या गवताबरोबर उकळा, म्हणजे लाकडात मुरलेला वास गवतात उतरेल. उतरवलं, वाळवलं आणि ओढलं. वास अगदीच गवताच्या वणव्यासारखा आला म्हणे. तंबाखूच्या पैशातून आलेली होडी डोक्यावर छप्पर आणि त्याखाली चिमूटभर तंबाखूसाठी बुटातलं गवत उकळणारे बाप्ये. ३० ऑगस्ट १९१६ ला ते सुटले, बावीसच्या बावीस जिवंत. त्या होडीने माणसं वाचवली हे कोणी नाकारू शकत नाही.

आपणही या देण्यातून सुटलेलो नाही. त्याच घराण्याच्या पैशातून ब्रिस्टलला एच. एच. विल्स फिजिक्स लॅबोरेटरी झाली. तिथे सेसिल पॉवेलच्या हाताखाली आपले भौतिकशास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन शिकले, १९५५ ला मुंबईत टीआयएफआरला, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चला आले आणि होमी भाभा गेल्यावर तिचे डायरेक्टर झाले.

२०२३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने हा सगळा इतिहास तपासला, माफी मागितली, आपल्या बोधचिन्हातून कोल्स्टनची खूण काढली, आणि इमारतींवरचं विल्स हे नाव ठेवलं. भाच्याच्या वर्गात यावर दोन तट पडले. त्याचं म्हणणं, नाव खरवडायला हवं होतं, माफी मागून तेच नाव मिरवायचं म्हणजे काय. मी म्हटलं, नाव राहू दे. फक्त म्युझियमच्या दारावरचा तो दगड अर्धवट आहे. ‘भेट’ लिहिलंय, देणाऱ्याचं नाव लिहिलंय, घेणाऱ्यांचं लिहिलंय. खाली एक ओळ व्हर्जिनियाची घालायला जागा आहे, मी बघून आलोय.